चार महिने मी केबलच ऐकत होतो

हौशी रेडिओच्या (हॅम रेडिओच्या) खालच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, बँडसाठी ऐकायला कुठला अँटेना चांगला, एवढंच एका ओळीत हवं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. मीही तीच एक ओळ शोधत होतो, आणि त्या नादात चार महिने आणि एक दिवाळी बोनस घालवून बसलो.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर राहतो. नोकरी सातपूरला. हॅमचं लायसन्स आल्यावर वर्षभर वीस आणि चाळीस मीटरच्या बँडवर सगळे करतात ते केलं, मग १६० मीटरची हवा लागली. त्याच्याही खाली उतरलो. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा ६३० मीटर बँड २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींना मिळाला, १३५.७ ते १३७.८ चा २२०० मीटर बँड त्याआधी २००७ मध्ये. तिथे ट्रान्समिट करायची माझी ऐपतही नाही आणि जागाही. पण ऐकायला काय हरकत आहे, म्हणून सुरुवात केली.

नवीन माणूस इथे पहिल्यांदा घाबरतो ते लांबीला. ६३० मीटर तरंगलांबी, आणि आपली गच्ची टाकीसकट बारा मीटर! घाबरू नका. या बँडवर बाहेरून येणारा नॉइज, म्हणजे विजांची कडकड आणि शहराची भुणभुण, रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्या कितीतरी वर असतो. अँटेना लहान असला तर सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच खाली येतात, गुणोत्तर तेच राहतं. अँटेना काढल्यावर पार्श्वभूमीचा आवाज दहा-एक डेसिबल पडला तर तुमचा अँटेना पुरेसा ‘मोठा’ आहे. त्याहून जास्त जोर देऊन फक्त एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा, काटा हलतो. काट्याच्या प्रेमात पडू नका. मी पडलो होतो.

माझ्याकडे तीन अँटेना होते. पहिला टाकीपासून जिन्याच्या टपापर्यंत ताणलेली लांब तार. दुसरा एक मीटर व्यासाचा लूप, एसीच्या उरलेल्या तांब्याच्या पाइपचा, बुडाशी अ‍ॅम्प्लिफायर. तिसरा मिनी-व्हिप, म्हणजे काडेपेटीएवढा तांब्याचा पत्रा, एक जे३१० एफईटी (ट्रान्झिस्टरचाच प्रकार) आणि पीव्हीसीचा पाइप. मिनी-व्हिपचं खूळ डोक्यात शिरलं कारण नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा प्रसिद्ध वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येणारा रिसीव्हर, असल्याच चिमुकल्या अँटेनावर चालतो. त्यांच्याकडे चालतो तर आपल्याकडे का नाही, असं म्हणून लावला. उत्तर नंतर कळलं.

तिन्हींच्या केबल खाली खोलीत आणल्या, स्विच लावला आणि रोज रात्री वहीत आकडे लिहायला बसलो. तार एस-८, मिनी-व्हिप एस-९, लूप एस-७. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की आकडे वेगळे आहेत, पण ऐकू येतंय ते तिन्हींवर सारखंच. तीच भुणभुण, दर साठ-सत्तर किलोहर्ट्झवर तोच खरखरीत डोंगर. लूप फिरवला तरी काही बदलत नव्हतं. मी निष्कर्ष काढला की शहरात लूपचा काही उपयोग नाही. तो वहीत लाल पेनाने लिहिला, वर अधोरेखितही केला. अजून आहे ते पान.

नाशिकरोडला एक काका आहेत, प्रेसमधून निवृत्त झालेले, माझ्या जन्माआधीपासून रेडिओवर. त्यांना मी ही वही मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यांनी चहा संपेपर्यंत पानं उलटली आणि एकच विचारलं, “वरचं टोक बंद करून ऐकलंस का रे?”

मी हो-ना काहीतरी म्हणालो. खरं सांगायचं तर प्रश्न कळलाच नव्हता, आणि मनात आलं की काका जुन्या काळातले, त्यांना एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, काय कळणार. त्या प्रश्नाकडे मी दोन महिने ढुंकूनही पाहिलं नाही.

आता तोच प्रश्न उलगडून सांगतो, आणि सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला कुठेही मिळेल.

गच्चीवर जा. केबल अँटेनापासून सोडवा. त्या टोकाला ५० ओमचा रेझिस्टर असलेला बंद प्लग लावा. खाली या आणि ऐका. आता अँटेना नाहीच, त्यामुळे रिसीव्हरची स्वतःची मंद सळसळ सोडून काहीही ऐकू येता कामा नये. मी केलं तेव्हा नॉइज जेमतेम सहा डेसिबल पडला, आणि ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे खणखणीत वाजत होतं. अँटेनाशिवाय!

म्हणजे अँटेना माझी केबल होती. ती केबल म्हणजे कोअ‍ॅक्स: मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी. कोअ‍ॅक्सच्या जाळीला दोन बाजू असतात असं समजा. आतल्या बाजूने आणि मधल्या तारेतून तुमचा सिग्नल जातो. बाहेरची बाजू मात्र साधी लोंबणारी तार आहे, चार मजले लांब. खालच्या टोकाला ती रिसीव्हरला, रिसीव्हर यूएसबीने लॅपटॉपला, लॅपटॉप चार्जरला आणि चार्जर बिल्डिंगच्या अर्थिंगला जोडलेला. त्या अर्थिंगवर लिफ्ट, चाळीस घरांचे एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीन सगळे आपापला कचरा सोडतात. तो कचरा जाळीच्या बाहेरून वर चढतो, अँटेनाच्या सांध्याशी आत वळतो आणि सिग्नल बनून खाली येतो. यालाच कॉमन-मोड करंट म्हणतात. मी चार महिने तीन अँटेनांची तुलना करतोय असं समजत होतो. तुलना केबलची केबलशीच चालली होती.

मिनी-व्हिप यात सगळ्यात जास्त फसवतो. त्या पत्र्याला व्होल्टेज मोजायला दुसरी बाजू लागते, आणि वेगळी जमीन दिली नाही तर ती दुसरी बाजू म्हणजे केबलची जाळीच. ट्वेंटेचं यश पत्र्याचं नाही. तो पत्रा कशाच्या संदर्भाने मोजतो, त्यावर सगळं आहे.

एक चटका माझ्याकडून फुकट घ्या. लूप आणि मिनी-व्हिपला वीज त्याच केबलमधून वर जाते. ती बंद न करता वर ५० ओमचा रेझिस्टर लावलात तर १२ व्होल्टवर २४० मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास तीन वॅट. माझा पाव वॅटचा रेझिस्टर दहा सेकंदांत काळा पडला आणि प्लग काढताना बोट भाजलं. आधी वीज बंद करा, मग प्लग लावा.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. पहिला, अँटेनापाशी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर: प्राथमिक आणि दुय्यम वेटोळी पूर्ण वेगळी, त्यांच्या जमिनी एकमेकींना न जोडलेल्या. दुसरा, केबलवर कॉमन-मोड चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरून येणारा तो कचरा अडवणारं वेटोळं. मोठ्या फेराइट रिंगवर पातळ आरजी-१७४ कोअ‍ॅक्सचे जमतील तितके फेरे. १६० मीटरला ३१ मिक्स (फेराइटच्या मिश्रणाचा नंबर) चालतं, खाली ७३ किंवा ७५ बघा, कारण फ्रिक्वेन्सी उतरली की तेवढ्याच फेऱ्यांचा विरोधही उतरतो. लॅपटॉपच्या वायरवरची चिमट्याची फेराइट लावून ‘चोक झाला’ म्हणणारे व्हिडिओ बघून मी तसल्या बारा आणल्या. आता मुलगी त्यांनी खेळते. एका फेऱ्याची फेराइट या फ्रिक्वेन्सीला जवळपास नसल्यातच जमा.

आणि वॉल अ‍ॅडॅप्टरने लूपला वीज देऊ नका. स्कूटरची जुनी १२ व्होल्टची बॅटरी पुरते.

हे सगळं झाल्यावर पुन्हा टोक बंद केलं. पुणे गायब. इतकी शांतता, की रिसीव्हर बिघडला असं वाटून मी दोनदा खाली-वर केलं.

त्यानंतर लूप फिरवला आणि पहिल्यांदा त्याची बहिरी दिशा सापडली, म्हणजे जिकडचं त्याला ऐकू येत नाही ती. नाशिककरांना हे तपासणं सोपं आहे, कारण पुणे आपल्या जवळपास थेट दक्षिणेला आहे. दिवसा लूपचं प्रतल पूर्व-पश्चिम केलं की ७९२ बुडायला हवं. तिथून पंचेचाळीस अंश फिरवून प्रतल वायव्य-आग्नेय केलं की नैर्ऋत्येची मुंबई, १०४४, बुडायला हवी. लूप पूर्ण फिरवताना प्रत्येक स्टेशनच्या दोन बहिऱ्या दिशा समोरासमोर आणि धारदार मिळाल्या तर लूप लूपसारखा वागतोय. पसरट असतील किंवा एकच मिळाली तर जाळी अजून गळतेय. हे दिवसाच करा. रात्री सिग्नल आकाशातून उतरायला लागतात आणि धार बोथट होते. लूपचा खरा फायदाही या बहिरेपणात आहे: कमाल बाजू रुंद आणि आळशी असते, म्हणून सिग्नलकडे तोंड करण्यापेक्षा नॉइजकडे कान बंद करा.

तुलना कशी करायची, हे यानंतरचं. स्विच मारून ‘हा बरा वाटतो’ म्हणणं सोडा. या बँडवर सिग्नल मिनिटभरात दहा डेसिबल वर-खाली होतो, तुमचा कान काय तुलना करणार? दोन सारखे रिसीव्हर घ्या, एकाच वेळी डब्ल्यूएसपीआर (क्षीण सिग्नल संगणकाने टिपायचा डिजिटल मोड) लावा आणि त्याच प्रसारणाचे दोन एसएनआर, म्हणजे सिग्नल-नॉइज गुणोत्तरं, शेजारी शेजारी लिहा. १६० मीटरला डायल १८३६.६ किलोहर्ट्झ, ६३० ला ४७४.२. जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेला हा मोड दोन मिनिटांच्या ठरावीक वेळेत चालतो, त्यामुळे दोन्हीकडे नेमकं तेच प्रसारण पकडलं जातं. सुरुवातीला दोन्ही रिसीव्हर एकाच अँटेनावर स्प्लिटरने लावून ते आपसात जुळतात का बघा. माझ्यात दीड डेसिबलचा फरक निघाला, तो वजा करावा लागला. मध्येच अदलाबदलही करा. दोन अँटेना अंतर ठेवून उभे करा. माझी लांब तार लूपवरूनच जात होती, ती उतरवल्यावर लूपची बहिरी दिशा आणखी खोल गेली.

पाथर्डी फाट्यावर लूप जिंकला, आणि आरामात. तार शेवटी.

पण दिंडोरीकडे मामाच्या मळ्यात तोच लूप आणि तोच मिनी-व्हिप बरोबरीत सुटले. तिथे पाइपच्या पायथ्याशी जमिनीत सळई ठोकली, जाळी तिथेच जमिनीला बांधली, केबलवर चोक, लॅपटॉप बॅटरीवर. जवळ घर नाही, लिफ्ट नाही. म्हणून कुणी ‘मिनी-व्हिप भंगार’ किंवा ‘लूपच राजा’ म्हणालं की आधी विचारा, कुठे लावला होता आणि टोक बंद करून ऐकलं होतं का.

मळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडं. मला बेव्हरेज अँटेना करायचा होता, म्हणजे जमिनीलगत लांब ओढलेली, एकाच दिशेचं ऐकणारी तार. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली स्कॉटलंडला आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून, जमिनीपासून थोडी वर बेव्हरेज तार ओढून अमेरिकेतले हौशी ऐकत बसला होता. ते वाचल्यावर कुणाला राहवेल? मामाचा बांध नेमका वायव्येकडे, म्हणजे युरोपकडे जातो. १७० मीटर तार ओढली, लांबच्या टोकाला ४७० ओम आणि सळई. दिशा म्हणून काही मिळालीच नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचा मांडव होता, लोखंडी अँगल आणि शेकडो मीटर तारा, माझ्या तारेला समांतर. युरोप ऐकायला अख्खा मांडवच मध्ये बसला होता! मामा म्हणाला, “ऑक्टोबर छाटणीआधी तुझी तार काढ, नाहीतर पोरं कापतील.” काढली. ज्यांच्याकडे मोकळं माळरान आहे त्यांनी जरूर करावा. बागायतीत लूपच बरा.

दुसरं, बिबट्या-रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन. सेकंदाला एक ‘टक्’, खालच्या सगळ्या बँडवर. ते अँटेनात शोधत बसू नका, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघा. आणि शेतावरून जाणाऱ्या हाय टेन्शन लाइनच्या आसपास तार फेकायची नाही, कितीही सोयीचं झाड असलं तरी. यात चर्चा नाही. वळवाच्या दिवसांतही तेच: ढग दिसले की केबल काढून बाहेर. तसंही एप्रिल-मेमध्ये कडकडाटाशिवाय काही ऐकू येत नाही. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की आपला मोसम सुरू.

गुरूंबद्दल माझं मत बनलंय ते सांगून टाकतो. ग्रुपवर फोटो टाकला की तीन मिनिटांत ‘तो अमुक अँटेना घे’ म्हणणारे वीसजण मिळतात. तुमच्याकडे प्रश्न टाकून गप्प बसणारा एक शोधा. तो कंटाळवाणा वाटेल. माझ्या वहीतलं लाल पान मी काकांना पुन्हा दाखवलं तेव्हा ते हसले नाहीत, फक्त म्हणाले, “पान फाडू नकोस.”

सध्याची अडचण वेगळी आहे. शेजारच्या बिल्डिंगवर सोलर बसलंय आणि त्याचा इन्व्हर्टर सूर्य उगवला की ४७५ च्या आसपास गुरगुरतो. लूपची बहिरी दिशा त्याच्याकडे केली की आमची लिफ्ट मोकळी सुटते, लिफ्टकडे केली की इन्व्हर्टर. रात्री इन्व्हर्टर झोपतो, म्हणून सध्या लूप लिफ्टकडे वळवून दोरीने बांधून ठेवलाय. रविवारी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे जाणार आहे, सोबत एक ट्रान्झिस्टर घेऊन, म्हणजे त्यांना त्यांच्याच गच्चीवर ऐकवता येईल.