व्हिडिओ बंद करा, पण ओळ उडवू नका

व्हीओआयपीत (इंटरनेटवरून कॉल) नवीन आलात म्हणजे कॉल जोडणारे एसआयपीचे मेसेज, इन्व्हाइट, 200 ओके, एसीके, हे येतच असणार, ते सांगत बसत नाही. मला ज्याने तीन आठवडे रडवलं तेवढंच सांगतो.

आमचा सॉफ्टफोन, म्हणजे कॉल करायचं सॉफ्टवेअर. युजरने चालू कॉलमध्ये व्हिडिओ बंद केला की री-इन्व्हाइट (चालू कॉल बदलायची विनंती) जायचं, त्यातल्या एसडीपीत (कॉलमधल्या मीडियाचं वर्णन) व्हिडिओच्या एम-लाइनचा (दर मीडियाची एक ओळ) पोर्ट 0, म्हणजे ती स्ट्रीम बंद. एकदम बरोबर, टेस्टिंगही पास (सगळे टेस्ट कॉल दोन-दोन मिनिटांचे!). आणि कस्टमरकडे कॉल बरोब्बर 15 मिनिटांनी कट. आधी नेटवर्कवर ढकललं, मग फायरवॉलवर, सिनियर म्हणाला गेटवेचाच (कॉल पुढच्या नेटवर्कला जोडणारं यंत्र) बग आहे, सोड. सिनियरचं ऐका, पण ट्रेस (मेसेजची नोंद) स्वतः बघा राव. वायरशार्क (नेटवर्कवरचे मेसेज दाखवणारं टूल) लावून कॉल तेवढा वेळ चालू ठेवला तेव्हा कळलं: सेशन टायमर (कॉल अजून जिवंत आहे ना ते बघणारा) 1800 सेकंदांचा, निम्म्यावर रिफ्रेशचं री-इन्व्हाइट जातं आणि त्यात माझा कोड फक्त चालू मीडिया बघून एसडीपी नव्याने बनवायचा. व्हिडिओ बंद, म्हणून ती ओळच गायब. गेटवेने 488 (हे मान्य नाही) दिलं आणि आम्ही लगेच बाय (कॉल संपवणारा मेसेज) पाठवून मोकळे. खरं तर री-इन्व्हाइट नाकारलं गेलं तरी जुनं सेशन तसंच चालू राहतं, म्हणजे तोही माझाच पराक्रम.

आता नीट वाचा. 2002 च्या आरएफसी 3264 (इंटरनेटचं मानक) प्रमाणे ऑफर (एका बाजूने पाठवलेला एसडीपी) आणि आन्सरमधल्या (त्याला आलेलं उत्तर) एम-लाइन जुळतात त्या क्रमाने. पंगतीतून एक जण उठला म्हणून बाकीचे सरकून बसत नाहीत, तसंच. आन्सरमध्ये ऑफरइतक्याच ओळी, त्याच क्रमाने, आणि नको ती स्ट्रीम पोर्ट 0 ने नाकारायची. पुढच्या ऑफरमध्ये ओळी वाढतील, कमी कधीच होणार नाहीत. जागा वाया जात नाही, नंतर नवी स्ट्रीम त्याच ओळीत बसवता येते, अगदी दुसऱ्या प्रकारची सुद्धा. आणि पोर्ट 0 असला तरी निदान एक फॉरमॅट नंबर लिहाच, रिकामं सोडलं तर पार्सर बोंबलतो.

होल्डसाठी मात्र पोर्ट 0 नको, तिथे सेंडओन्ली (फक्त पाठवणं) नाहीतर दोन्ही बाजू थांबवणारं इनअ‍ॅक्टिव्ह. इनअ‍ॅक्टिव्हमध्ये आरटीसीपी (मीडियाच्या दर्जाचे रिपोर्ट) चालू राहतं, पोर्ट 0 ला तेही बंद.

घाबरू नका, हे एकदा डोक्यात बसलं की बसलं. फक्त वेबआरटीसीत (ब्राउझरमधले कॉल) गेलात की ऑफरमध्ये पोर्ट 0 सोबत बंडल-ओन्ली दिसेल, तिथे ती स्ट्रीम बंद नसते, बंडलमधल्या (एकाच पोर्टवर जाणाऱ्या स्ट्रीमचा गट) दुसऱ्या ओळीचा पोर्ट वापरणार असते. ते बघून मी परत एक दिवस घालवला.