घटनेत संघराज्य कुठे आणि एकात्म राज्य कुठे, हे स्वतः कसं शोधावं

‘भारताची घटना संघराज्यात्मक की एकात्म?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘अर्धसंघराज्य’ असं एका शब्दात उत्तर देतात आणि पुस्तक मिटतात. माझी विनंती आहे, पुस्तक उघडाच. संविधानाची मराठी प्रत शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिचा प्रिंट काढा, निळी आणि लाल अशा दोन पेन्सिली घ्या.

खुणा करायचा नियम साधा आहे. प्रत्येक तरतुदीला विचारायचं: राज्याच्या संमतीवाचून केंद्राला इथे आपलं म्हणणं रेटता येतं का? येत नसेल तर निळी खूण, म्हणजे संघराज्य. येत असेल तर लाल, म्हणजे एकात्म.

सुरुवात अनुच्छेद 1 पासून करा. भारत हा ‘राज्यांचा संघ’ असेल, एवढंच तिथे लिहिलंय. हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही आणि म्हणून कोणालाही फुटून निघता येणार नाही, असं डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत सांगितलं होतं.

लगेच अनुच्छेद 3 वर या आणि लाल पेन्सिल दाबून चालवा. राज्याची सीमा, नाव, इतकंच काय, त्याचं अस्तित्वसुद्धा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवावं लागतं, पण ते मत बंधनकारक नाही. जानेवारी 2014 मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. आपला 1 मे 1960 सुद्धा रस्त्यावरच्या लढ्यातून आला खरा, पण कागदावर तो संसदेच्याच कायद्याने आला.

आता सातवी अनुसूची. इथे घाई करू नका. संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्यांचे) आणि समवर्ती सूची (दोघांनाही कायदे करता येतील असे) अशा तीन याद्या आहेत आणि त्या बदलायच्या तर घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद 368 प्रमाणे किमान निम्म्या राज्यांची मंजुरी लागते. म्हणून निळी खूण. पण कोणत्याच यादीत न बसणारा विषय केंद्राकडे जातो, तिथे लाल. शिक्षण आणि वने हे विषय 42 व्या घटनादुरुस्तीने, 1976 साली, राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. समासात तेवढं वर्ष लिहून ठेवा.

याद्या रुक्ष वाटत असतील तर जवळचं पोलीस ठाणं डोळ्यांसमोर आणा. ‘पोलीस’ हा राज्यसूचीतला दुसरा विषय, म्हणून शिपायाची भरती राज्य करतं, पगारही राज्यच देतं. टेबलावर लिहिली जाणारी एफआयआर मात्र भारतीय न्याय संहितेखाली, म्हणजे संसदेच्या कायद्याखाली, कारण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. जिल्ह्याचे एसपी आयपीएस असतील तर निवड यूपीएससीची, नेमणूक केंद्राची, बदली मात्र राज्य सरकारच्या हातात. एका इमारतीत इतके पदर आहेत. मला स्वतःला संघराज्य समजलं ते असंच, व्याख्या पाठ करून नव्हे.

राज्यपालांची नेमणूक, एकच नागरिकत्व, निवडणूक आयोग या खुणा पटापट होतील, सगळ्या लाल. अनुच्छेद 356 पाशी थांबा. महाराष्ट्राने राष्ट्रपती राजवट 1980, 2014 आणि 2019 अशी तीनदा पाहिली आहे. अनुच्छेद लालच, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालाने बहुमताची परीक्षा राजभवनात नाही, सभागृहातच व्हावी असं ठरवलं आणि संघराज्य हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग मानला. त्या लाल खुणेभोवती निळं वर्तुळ काढा. नुसतं कलम वाचून, निकाल न वाचता मत बनवणं मला धोक्याचं वाटतं.

शेवटी अनुच्छेद 131. केंद्र आणि राज्य किंवा राज्याराज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो, म्हणून निळी खूण. याच वाटेने महाराष्ट्राने 2004 साली बेळगावसह सीमाभागासाठी दावा दाखल केला. कर्नाटकाचं म्हणणं असं की सीमा ठरवणं हे अनुच्छेद 3 प्रमाणे संसदेचं काम, न्यायालयाचं नाही. त्या दाव्याची पुढची बातमी येईल तेव्हा ही प्रत जवळ ठेवा. महाराष्ट्र तुमच्या निळ्या खुणेवर बोट ठेवतो आहे आणि कर्नाटक लाल खुणेवर.