दिवंगत संगीतकाराच्या नावाचा पुरस्कार: रचना पाठवताना या चुका टाळा

पुरस्कार कुणाच्या नावाचा आहे हे कळलं की मुलं त्या संगीतकाराची दहा ध्वनिमुद्रणं ऐकतात आणि हुबेहूब तसंच लिहायला बसतात. अमेरिकी संगीतकार मॉर्टन गूल्ड १९९६ साली गेले. अमेरिकेत त्यांच्या नावाचा तरुण संगीतकारांसाठीचा पुरस्कार आहे, पण म्हणून कुणी तिथे गूल्ड यांची नक्कल पाठवायची नसते. नियमांत लिहिलेलं नसेल, तर आदरांजलीचा तुकडाही रचनेत घुसडू नका.

खरा घात लिहिलेली रचना वाजवून दाखवणारा संगणक करतो. एका विद्यार्थ्याने क्लॅरिनेटची धून ऐकवली. संथ लय, मिनिटाला ६० मात्रा, ४ मात्रांचे सलग १२ बार (मात्रांचे गट) आणि एकही विराम नाही. म्हणजे ४८ सेकंद! संगणकावर ते फार गोड वाजत होतं. वादकाने कागद पाहिला आणि विचारलं, "श्वास कुठे घेऊ?" उपाय साधा आहे: ओळ स्वतः गाऊन बघा, दम जिथे संपतो तिथे श्वासाची खूण करा. व्हायोलिनची सर्वांत खालची तार मधल्या सीच्या खालच्या जीची, त्याखाली स्वर नाही, हेही संगणक दरवेळी सांगेलच असं नाही.

क्लॅरिनेटवरूनच आठवलं. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी सी लिहिला की बी फ्लॅट ऐकू येतो. स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली प्रत) ऐकू येणाऱ्या स्वरांत आहे की वादकाने वाचायच्या, हे पहिल्याच पानावर लिहा. दुसऱ्या प्रकारात क्लॅरिनेटला ओळीच्या सुरुवातीला बासरीपेक्षा दोन शार्प (स्वर अर्धा चढवणारी खूण) जास्त हवेत, किंवा दोन फ्लॅट (अर्धा उतरवणारी) कमी. दोघांच्या ओळींच्या सुरुवातीच्या या खुणा सारख्याच दिसल्या तर काहीतरी चुकलंय.

वेळ अंदाजाने लिहू नका. ४ मात्रांचे ९६ बार, लय ७२, म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद. मर्यादा ५ मिनिटांची असेल तर कात्री लावा, लय पळवू नका. परीक्षकांना ते लगेच कळतं.

कविता वापरली असेल तर लेखी परवानगी आधी. अनेक देशांत कवीच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो.

नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते पहिल्या पानावरून खोडून भागत नाही. प्रत्येक पानाचा माथा, फाइलचं नाव आणि पीडीएफच्या माहितीतला लेखकाचा रकाना, तिन्ही तपासा. हा रकाना बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, कारण तो छापील पानावर दिसतच नाही.