ऑप्टीचं शीड कसं बांधायचं: आधी कोपरे, मग बाकीचं

रविवारी सकाळी साडेसातला क्लबच्या रॅम्पवर एकच दृश्य असतं, पोरं लाइफ जॅकेट घालून उड्या मारतायत, कोच शिट्टी वाजवतोय, आणि आम्ही आईबाबा मंडळी गुडघ्यावर बसून दोऱ्या सोडवतोय. माझी लेक ऑप्टिमिस्ट, म्हणजे ऑप्टी ही मुलांची छोटी शिडाची होडी, चालवायला लागली तेव्हा मला वाटलेलं की आपलं काम डबा आणि सनस्क्रीनपुरतंच, पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात गाठ घट्ट बसेपर्यंत दोन सीझन तरी जातात आणि तोवर ते आपल्यालाच करावं लागतं. तर जे मी चुकत चुकत शिकले ते इथे लिहून ठेवतेय, नवीन पालकांसाठी, आणि पंधरा वर्षांच्या आतल्या ज्या पोरांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठीही.

शब्दांचं आधी सांगते. आपल्याकडे शीड, डोलकाठी, सुकाणू असे चांगले शब्द आहेत पण क्लबमध्ये "डोलकाठी दे" म्हटलं तर पोरं हसतील, सगळे मास्ट, बूम, स्प्रिट, शीटच म्हणतात, मीही तेच म्हणणार. मास्ट म्हणजे उभी डोलकाठी, बूम म्हणजे शीडाच्या खालच्या काठाची आडवी काठी. फक्त शीडाला शीड म्हणेन कारण तो शब्द मला आवडतो. आणि शीट म्हणजे कापड नाही हां, शीट म्हणजे शीड आत ओढायची आणि सैल सोडायची दोरी. मला पहिला महिनाभर हे कळलं नव्हतं.

ऑप्टी म्हणजे अक्षरशः बाथटब. २.३६ मीटर लांब, नुसती होडी ३५ किलो, पुढचं टोक बोथट. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी प्लायवूडच्या दोन तक्त्यांमधून बनेल अशी ही मुलांची होडी काढली, स्वस्त हवी हीच अट होती. मास्ट आखूड आहे, म्हणून शीड तिकोनी न ठेवता चौकोनी ठेवलंय आणि त्याचा वरचा मागचा कोपरा एका तिरक्या काठीने वर ढकललेला असतो, ती काठी म्हणजे स्प्रिट. चार कोपऱ्यांची नावं पाठ करा: मास्टजवळचा खालचा टॅक, मास्टजवळचा वरचा थ्रोट, मागचा वरचा पीक, मागचा खालचा क्ल्यू. पुढे तर मोठ्या पोरांची लेझर ही होडी असते, आता तिला आयएलसीए म्हणतात, तिचं शीड मास्टवर मोज्यासारखं चढतं, बांधाबांधीच नाही. २०२३ मध्ये हांगझोला एशियन गेम्समध्ये आपल्या नेहा ठाकूरने आयएलसीए ४ मध्ये सिल्व्हर घेतलं ती तसलीच होडी. ऑप्टीत मात्र प्रत्येक छिद्राला स्वतंत्र छोटी दोरी, तिला टाय म्हणतात, आणि सगळा खेळ त्या टायचा आहे.

पहिल्या वेळी मी काय केलं, तर ब्लाउजचे हूक लावल्यासारखं वरून सुरू करून एकेक टाय गच्च आवळत खाली आले. दिसायला एकदम नीट. उभं केल्यावर थ्रोटपासून मागे जाड सुरकुत्या, आणि टॅकच्या इथे शीड मास्टपासून दोन बोटं लांब. आमच्या क्लबचे जे बोटमन काका आहेत, कोळीवाड्यातले, आयुष्य पाण्यावर गेलेलं, ते बघत होते, म्हणाले, "ताई, आधी कोपरे धरा, मधलं मग बघू." झालं, पंधरा मिनिटांचं काम परत सोडलं. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यात बसलंय.

तर जागा आधी. काँक्रीटवर शीड पसरू नका, कापड घासतं आणि त्याचा कडकपणा जातो, गवत नसेल तर जुनी सतरंजी किंवा ताडपत्री अंथरा. बॅटन म्हणजे त्या दोन पातळ पट्ट्या शीडाच्या खिशात आधीच सरकवून घ्या, नंतर विसरतात. मास्ट आडवा ठेवा, त्याचं वरचं टोक वाऱ्याकडे केलंत तर शीड आपोआप मागे पसरतं आणि फडफडून तोंडावर येत नाही.

आता थ्रोट. इथे दोन टाय असतात, एक मास्टला आडवा वेढा घालणारा आणि एक मास्टच्या टोकाकडे तिरका वर जाणारा. वर जाणारा टाय शीड किती उंच बसणार ते ठरवतो, आडवा टाय ते मास्टला किती चिकटणार ते. मास्टवर वरती दोन पट्टे रंगवलेले दिसतील, शीडाच्या काठावरची खूण त्या दोन पट्ट्यांच्या मधेच यायला हवी, रेसला हे तपासतात आणि खूण बाहेर गेली तर भांडून उपयोग नाही. वरचा टाय आधी, खूण मधे आणून. मग आडवा. मग लगेच खाली टॅकला जा, तिथला आडवा टाय बांधा. हे तिन्ही झाले की मधले फक्त ओवून सैल सोडा, आवळू नका, आणि बूमवरही तसंच, आधी टॅककडचं टोक आणि क्ल्यू, मग मधले.

गॅप किती ठेवायचा यावर पालकांमध्ये जेवढे वाद मी ऐकलेत तेवढे सोसायटीच्या मीटिंगमध्येपण ऐकले नाहीत. नियम असा की शीड मास्टपासून आणि बूमपासून १० मिलीमीटरपेक्षा लांब नको. पण १० म्हणजे खूप झालं, कोपऱ्यात दीड-दोन मिमीच हवं आणि मधे तीन-चार चालतं, कारण मास्ट वाऱ्यात थोडा वाकतो आणि मधल्या टायना जरा जागा लागते. मोजायला पट्टी कोण धरणार, म्हणून मी कोपऱ्यात दोन एटीएम कार्डं एकत्र धरते, एक कार्ड पाऊण मिमीचं असतं त्यामुळे दोनांचे दीड होतात, आणि मधे काडेपेटीच्या दोन काड्या मास्ट आणि शीड यांच्यामध्ये एकावर एक धरून टाय आवळते आणि मग काड्या काढून घेते. कार्ड एक्सपायर झालेलं वापरा, समुद्रात पडलेलं कार्ड ब्लॉक करायला फोन लावण्याचा अनुभव मी घेतलाय.

गाठीबद्दल. टाय मास्टभोवती दोनदा फिरवा, एकदा नाही, दोन वेढे असले की तो मास्टवर वरखाली सरकत नाही आणि गाठ मारताना एका हाताने पकडूनही ठेवता येतो. मग रीफ नॉट, म्हणजे आपली साधी निरगाठ, उजवी डावीवर आणि मग डावी उजवीवर. पहिल्या पिळात एक जास्तीचा वेढा द्या, त्याने पहिला पीळ हातातून सुटत नाही आणि काड्यांनी मोजलेला गॅप तसाच राहतो, ही एकच युक्ती लक्षात ठेवलीत तरी निम्मा वेळ वाचेल. दोन्ही वेळा उजवीच वर घेतलीत तर जी गाठ होते ती बोट परत यायच्या आत सुटते. सुरगाठ अजिबात नको, पोरांना ती आवडते कारण नंतर ओढली की सुटते, पण शीड फडफडतानाही तसंच होतं. डायनिमाची दोरी असेल तर ती साबणासारखी गुळगुळीत असते, तिला वर तिसरा पीळ द्याच. टोकं दीड सेंटीमीटर ठेवून कापा, पॉलिस्टर असेल तर लायटरने टोक वितळवा आणि बोटं सांभाळा.

बूमचं पुढचं टोक चिमट्यासारखं असतं, ते मास्टला मिठी मारतं. तिथे दोन गोष्टी आहेत ज्या नवीन लोक एकच समजतात: वँग ही दोरी बूमला खाली ओढून धरते, आणि तिथेच एक छोटा फास असतो, प्रिव्हेंटर, जो बूमला त्याखाली जाऊ देत नाही. त्या फासाला जितके पीळ द्याल तितका तो आखूड होतो आणि बूम वर राहतो, म्हणजे शीडाचा मास्टकडचा काठ सैल. पीळ काढले की बूम खाली येतो आणि काठ ताणला जातो. वारा कमी तर दोन पीळ जास्त, वारा जास्त तर पीळ काढा, बस. कळायचं कसं, तर मास्टजवळ आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर काठ सैल आहे, मास्टला समांतर उभी घडी दिसली तर जास्त ताणलाय.

आता उभं करणं. आधी वर बघा. खरंच बघा, वरून विजेची तार जातेय का, मास्ट अॅल्युमिनियमचा आहे. वाऱ्याची दिशा दाखवणारा टोकावरचा बाण आडवं असतानाच लावून घ्या. होडीचं नाक वाऱ्याकडे करा, शीट पूर्ण सैल, आणि दोघांनी मिळून मास्ट होडीतल्या आडव्या बाकड्याच्या भोकातून खाली सोडा, एकाने वरून धरायचं, दुसऱ्याने खाली पाहून तो तळाच्या खाचेत बसतोय ना ते सांगायचं.

आणि बसला की मास्ट लॉक. इथे मी थांबून दोन ओळी जास्त लिहिणार. आमच्या दुसऱ्या सीझनला, दुपारचा वारा, लेक उलटली, ऑप्टीत सगळेच उलटतात त्यात काही नाही, पण घाईत मी मास्टची सेफ्टी दोरी बांधलीच नव्हती. होडी पूर्ण पालथी झाल्यावर मास्ट तळाच्या खाचेतून निसटला, बाकड्याच्या भोकात मात्र अडकून राहिला, आणि तिने सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, उभं राहून होडी सरळ केली तेव्हा त्या लांब काठीने आतून अशी काही उचकी दिली की बाकड्याला चीर गेली. पोरीला काही झालं नाही. रेस्क्यू बोटीतून ती परत आली ती माझ्याकडे न बघता सरळ काकांकडे गेली. त्यानंतर क्लॅम्प असो की दोरी, मी हाताने मास्ट वर ओढून बघते, जोर लावून, आणि हलला तर पाण्यात सोडत नाही.

स्प्रिट शेवटी. वरचं टोक पीकच्या कोपऱ्यातल्या फासात, खालचं टोक मास्टवरून येणाऱ्या दोरीच्या फासात, आणि ती दोरी ओढली की शीड वर उघडतं, आवडीचा क्षण आहे माझा, मळकट कापडाचं एकदम शीड होतं. पण आधी थोडीच ओढा, मग वँग ओढा, मग परत स्प्रिट. स्प्रिट गच्च असताना वँग ओढायला गेलात तर ती येतच नाही आणि पोरं ताकदीने ओढून क्लीटचे, म्हणजे दोरी अडकवायच्या चिमट्याचे, दात घालवतात. किती ओढायची ते शीडच सांगतं: थ्रोटपासून क्ल्यूकडे तिरकी घडी पडली तर स्प्रिट कमी आहे, अजून ओढा. पीकपासून टॅककडे घडी पडली तर जास्त झाली, जरा सोडा. जोराच्या वाऱ्याला पीकची ती घडी किनाऱ्यावर थोडीशी दिसली तरी चालते, पाण्यात शीड भरलं की जाते. मुंबईत हे विशेष लक्षात ठेवा कारण सकाळी आठला पाणी तेलासारखं असतं आणि दुपारी बारा-एकनंतर समुद्राकडून खारे वारे येतात, सकाळचं सेटिंग दुपारी उपयोगाचं नाही. पोराला पाण्यातच स्प्रिट ओढता येईल इतपत सवय करून द्या.

शीट ओवताना तळाचा रॅचेट ब्लॉक, म्हणजे एकाच दिशेने फिरणारी कप्पी, बघा, ओढताना कटकट आवाज यायला हवा, नाही आला तर दोरी उलटी ओवलीय आणि मग सगळा ताण पोराच्या मनगटावर. शीटच्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ, नाहीतर हातातून सुटली की ब्लॉकमधून सर्रकन निघून जाते आणि मग पोर समुद्रात बसून परत ओवतं. तीन एअरबॅगा दाबून बघा, कुठलीही मऊ लागली तर फुगवा आणि तिचे पट्टेही ओढून बघा. रडरची, म्हणजे सुकाणूची, क्लिप बसलीय ना तेही. बेलर, म्हणजे पाणी उपसायचा डबा, दोरीने बांधलेला हवा, मोकळा ठेवला तर पहिल्या उलटण्याला तो एलिफंटाला निघतो.

उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, तेव्हा रॅम्पच्या टोकाला बसून निवांत टाय बांधू नका, पाणी एकतर पायाशी येतं किंवा इतकं लांब जातं की होडी शेवाळावरून ढकलावी लागते. वरतीच सगळं आटपा.

परत आल्यावर उलट क्रम: स्प्रिट आधी सोडा, मग वँग. स्प्रिट ताणलेली ठेवून मास्ट काढायला गेलात तर पीकचा फास ताणून लांब होतो. सगळ्यावर गोडं पाणी मारा, ब्लॉकवर आणि टायवर जास्त, खाऱ्या पाण्याचे कण गाठीत बसले की दोरी आतून झिजते आणि बाहेरून काही दिसत नाही. शीड सावलीत वाळवा, ओलं गुंडाळू नका, आणि घडी तर कधीच घालू नका, बूम मास्टजवळ आणून शीड सैलसर गुंडाळा. टाय दर वेळी सोडायची गरज नाही, शीड मास्ट-बूमवर तसंच राहू द्या, फक्त थ्रोटचे दोन आणि टॅकचा एक दर रविवारी नखाने चाचपून बघा, खरखरीत लागला की बदला. मी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात कापून ठेवलेले दहा-बारा टाय, लायटर, चिकटपट्टी, ती दोन जुनी कार्डं आणि काडेपेटी ठेवते. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, ओल्या काड्या फुगतात आणि माप चुकतं.