अंमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपात पंचनामा कसा वाचावा

घरातला मुलगा अंमली पदार्थांसह पकडला गेल्याचा फोन आला की बहुतेक कुटुंबे थेट जामिनाच्या मागे लागतात आणि पहिल्या दिवसाचे कागद कोणी उघडूनही पाहत नाही. सत्र न्यायालयात आरोपींची बाजू मांडताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वप्रथम वजन पाहावे, कारण १९८५च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यात, शिक्षा पदार्थ आणि त्याचे वजन यांवरून ठरते. गांजा १ किलोच्या आत असेल तर ते अल्प प्रमाण ठरते आणि १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २० किलोंच्या वर गेल्यास ते व्यापारी प्रमाण होते. तेथे किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी व १ ते २ लाख रुपये दंड आहे. मधल्या प्रमाणासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. एमडीसाठी (मेफेड्रोन) याच मर्यादा २ आणि ५० ग्रॅम, तर हेरॉइनसाठी ५ आणि २५० ग्रॅम आहेत. ‘भेसळ वगळून शुद्ध माल तेवढाच मोजतात’ हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या हिरा सिंग निकालापासून मिश्रणाचे एकूण वजन धरले जाते.

वकील त्याच दिवशी नेमावा. ऐपत नसल्यास १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

आता पंचनामा. माल अंगावर सापडला की पिशवीत, ही ओळ आधी शोधावी. कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी आरोपीला, राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा त्याचा हक्क सांगावाच लागतो आणि त्यात कसूर झाली तर अंगावरची जप्ती टिकत नाही. मात्र हे संरक्षण हातातल्या पिशवीला लागू नाही. उमेदीच्या काळात मी एका तरुणाचा संपूर्ण जामीन अर्ज कलम ५० वर उभा केला होता. माल त्याच्या सॅकमधून काढल्याचे पंचनाम्याच्या दुसऱ्याच पानावर लिहिलेले होते. अर्ज फेटाळला गेला आणि त्याला आणखी काही महिने तुरुंगात काढावे लागले. ती ओळ मी वाचली होती, पण तिचे वजन मला कळले नव्हते, आणि त्याची बोचणी आजही आहे.

माल अंगावरच सापडला असेल तर कलम ५० ची नोटीस शब्दशः वाचावी. ती बहुधा छापील असते. नाव, वेळ आणि ‘मला गरज नाही’ हे वाक्य एकाच हस्ताक्षरात भरलेले आणि खाली फक्त आरोपीची सही, असे असेल तर ते वकिलाला दाखवावे. दोन आरोपींना मिळून एकच नोटीस दिली असेल, किंवा छाप्यातल्याच अधिकाऱ्यासमोर झडतीचा पर्याय दिला असेल, तर अशी नोटीस अवैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा परमानंद निकाल उपयोगी पडतो.

त्यानंतर मुद्देमाल. गांजाचे वजन गोणीसकट १ किलो ४० ग्रॅम आणि गोणीविना ९८५ ग्रॅम भरत असेल, तर त्या ५५ ग्रॅमवर १ वर्ष की १० वर्षे हे ठरते. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, पाकिटावरील लाखेचे सील आणि प्रयोगशाळेच्या अहवालात नोंदलेले सील एकच आहे का, हेही ताडून पाहावे. १ जुलै २०२४ पासून झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यावा.

‘स्वतःपुरते होते असे सांग, सोडतील’ हा तर सर्वांत घातक सल्ला, कारण सेवन हाही कलम २७ खाली गुन्हाच आहे. वकील येईपर्यंत आरोपीने गप्प राहावे.

व्यापारी प्रमाणात कलम ३७ मुळे जामीन अत्यंत कठीण होतो; तेथे दोषारोपपत्राच्या १८० दिवसांच्या मुदतीची तारीख लिहून ठेवावी, कारण ती सरकारी वकिलांच्या अहवालावरून न्यायालयाने वाढवली नसेल तर १८१व्या दिवशी जामिनाचा हक्क मिळतो, पण तो दोषारोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. अल्प व मधल्या प्रमाणात ही अडचण नसते.

मुलगा खरोखर व्यसनी असेल आणि आरोप सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर कलम ६४ अ चा मार्ग घ्यावा. त्याने स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते, म्हणून दाखल झाल्याची आणि प्रत्येक भेटीची नोंद न्यायालयात देता येईल अशी फाइल पहिल्या दिवसापासून ठेवावी.