विषय केंद्राचा की राज्याचा, हे घटनेतून कसे शोधावे

संघराज्य असलेल्या देशात एखादा विषय कोणत्या सरकारच्या अखत्यारीत येतो हे पाहताना बहुतेक जण घटनेतील अधिकारांची यादी उघडतात आणि तेथेच थांबतात. यादी पाहण्याआधी कायद्याचा गाभा निश्चित करावा, कारण शीर्षक आरोग्याचे आणि तरतुदी व्यापाराच्या, असे अनेकदा असते.

त्यानंतर यादी कोणाच्या अधिकारांची आहे ते पाहावे. अमेरिकेच्या घटनेने मुख्यतः केंद्राचे अधिकार मोजून दिले आहेत. कॅनडाच्या 1867 च्या कायद्यात 91 वे कलम केंद्रासाठी आणि 92 वे प्रांतांसाठी आहे. भारताच्या सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. विषय कोठेच सापडला नाही, तर शेषाधिकार कोणाकडे आहेत ते शोधावे. माझ्या मते संघराज्याचा खरा कल येथेच कळतो: अमेरिकेत 1791 च्या दहाव्या दुरुस्तीने ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहिले, तर भारतात 248 व्या अनुच्छेदाने संसदेकडे गेले.

दोन्ही सरकारांना अधिकार असलेल्या विषयात कायदे परस्परविरोधी ठरल्यास सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो, परंतु हे गृहीत धरू नये. भारतात 254 व्या अनुच्छेदानुसार समवर्ती विषयावरील राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर तो त्या राज्यापुरता टिकतो, मात्र संसद पुढे तोही बदलू शकते. कॅनडात वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाबाबत तर प्रांताचाच कायदा वरचढ असतो.

घटनेची प्रत अद्ययावत असावी, हे सांगण्याची गरज वाटू नये; तरीही 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने शिक्षण आणि वने हे विषय समवर्ती सूचीत गेले, हे विसरून केलेले युक्तिवाद आजही ऐकू येतात. मजकुराइतकेच निकालही वाचावेत. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावरील वापरासाठी पिकवलेला गहूसुद्धा आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली नियंत्रित करता येतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1942 मध्ये ठरवले. हा अर्थ केवळ यादी वाचून कोणाला सुचला नसता.

शेवटी कर आणि अनुदानांच्या तरतुदी तपासाव्यात. त्याच 1942 साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आयकराचा दर वाढवला आणि जी राज्ये स्वतःचा आयकर घेणार नाहीत त्यांनाच भरपाईचे अनुदान देऊ केले. तेथील उच्च न्यायालयाने ही योजना वैध ठरवली. घटनेचे एकही अक्षर बदलले नाही. आयकर लावण्याचा राज्यांचा अधिकार कायम राहिला आणि आयकर मात्र केंद्राकडे गेला.