चुंबक लावलं म्हणून हवा वाचत नाही! प्रोजेक्टमधल्या या चुका टाळा

साताऱ्यात विज्ञान प्रदर्शन आलं की एक मॉडेल ठरलेलंच, थर्माकोलची पृथ्वी, पोटात बार मॅग्नेट, शेजारी बिनचुंबकाचा मंगळ आणि वर पाटी 'चुंबकीय कवच', म्हणजे चुंबकीय क्षेत्र सौर वाऱ्यापासून हवा वाचवतं. मागच्या वर्षी माझ्या भाचीनं पण तेच नेलं, परीक्षकांनी एकच विचारलं, "मग शुक्राचं काय?" पोरगी गप, मागं उभा मी पण गप.

तर मोठी चूक हीच, क्षेत्र असलं की हवा टिकते आणि नसलं की जाते असं धरणं. शुक्राला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही तरी तिथं हवेचा दाब आपल्या ९० पटींहून जास्त आहे, उलट बुधाला आपल्या साधारण १ टक्का क्षेत्र आहे आणि हवा जवळपास नाहीच. त्यामुळं ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पण धरा की! मंगळावरून सुटायला सेकंदाला ५ किमी वेग पुरतो, पृथ्वीवरून ११.२ लागतो.

दुसरं, सौर वारा म्हणून गोळ्यांवर सोडलेला हेअर ड्रायर. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा वेगळा आणि सौर वारा वेगळा, तो म्हणजे सूर्यातून सुटलेले प्रोटॉन-इलेक्ट्रॉन, सेकंदाला ४०० किमीच्या आसपास वेग पण एका घन सेंटीमीटरमध्ये मोजकेच कण. त्यांच्यावर विद्युतभार असतो म्हणून ते चुंबकानं वळतात, ड्रायरच्या हवेला चुंबकाचं काय घेणंदेणं? मग हवा म्हणून ठेवलेले कागदाचे कपटे दोन्ही गोळ्यांवरून सारखेच उडतात आणि पोरं म्हणतात मॉडेल बिघडलं. बिघडलं नाही रे, ड्रायर काढा, गोळ्याला वळसा घालणारा बाण लावा.

कवच चहूबाजूंनी बंद पण काढू नका. ध्रुवांकडच्या रेषा अवकाशात उघड्या असतात, तिथनं ऑक्सिजन-हायड्रोजनचे आयन (विद्युतभार असलेले कण) निसटतात, आणि क्षेत्र मोठं म्हणजे सौर वाऱ्याची ऊर्जा पकडणारं जाळं पण मोठं, म्हणून क्षेत्र वाचवतं की उलट गळती वाढवतं यावर शास्त्रज्ञांचा अजून वाद चालूय (मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो). शिवाय बिनभाराचा हायड्रोजन चुंबकाला जुमानतच नाही, पृथ्वीवरून तो सेकंदाला साधारण ३ किलो जातो.

आणि 'मंगळाचं क्षेत्र गेलं, हवा भुर्रकन उडाली' असं लिहू नका. क्षेत्र जाऊन ४ अब्ज वर्षं होत आली, मंगळाभोवती फिरलेल्या नासाच्या मेव्हन यानानं मोजलेली सौर वाऱ्यानं होणारी गळती आजही सेकंदाला १०० ग्रॅमच्या आसपास आहे, फक्त तरुण सूर्य जास्त खवळलेला होता तेव्हा ती बरीच जास्त असणार.

यंदा भाची चार गोळे करतेय, पृथ्वीच्या दोन्ही टोकांना बाहेर जाणारे लाल बाण, बुधाला तेवढा छोटा बॉल मिळेना म्हणून गोटी चिकटवलीय.